सोय आणि सोयरीक : एका व्हिसा-अपिलाच्या निमित्ताने



ज्या शाळेच्या बाकावर बसून मी शुद्धलेखन शिकले, त्याच शाळेत, ज्यांच्याकडून शिकले त्यांच्या स्मृतिदिनी व्याख्यान देण्याचा मान आपण मला दिलात, याबद्दल मी आपली मनःपूर्वक ऋणी आहे. सरांचे नाव मागच्या फलकावर आहेच. आम्ही त्यांना नावाने कधी हाक मारली नाही, म्हणून आजही मी नुसते ‘सर’ म्हणणार आहे.

व्याख्यानाचा विषय कळवा, असे पत्र आले तेव्हा संतवाङ्मय किंवा बडोद्याची मराठी परंपरा यांपैकी काहीतरी मी सुचवीन अशी चालकांची अपेक्षा असावी. मी कळवला तो विषय वाचून त्यांना नवल वाटले असेल. मराठीच्या निवृत्त प्राध्यापिकेने विलायतेतील व्हिसाच्या अपिलावर का बोलावे? त्याला एक कारण आहे. माझ्या आयुष्यातील सर्वांत कठीण भाषांतर मी कोणत्याही ग्रंथाचे केले नाही. ते एका अपिलाच्या कागदपत्रांसाठी केले, आणि पहिल्या खेपेस ते चुकीचे केले. त्या चुकीची कबुली द्यायची तर सरांच्या शाळेहून योग्य जागा कोणती?

ज्यांची ही हकीकत आहे त्या दोघांनी ती सांगण्यास संमती दिली आहे. नावे मात्र मी सांगणार नाही.

तो आपल्याच शाळेचा विद्यार्थी. दांडिया बाजारात घर, वडील लवकर गेलेले, पदविका घेऊन एका कारखान्यात नोकरीला लागलेला. तिचे वडीलही मूळचे बडोद्याचे. नोकरीनिमित्त ते नैरोबीला गेले आणि १९६८ साली, केनियातून हजारो भारतीय कुटुंबे इंग्लंडकडे निघाली तेव्हा, तेही कुटुंबासह लंडनजवळच्या एका गावी स्थायिक झाले. मुलगी तिथेच वाढली. नात्यातल्या मामांनी स्थळ सुचवले, दोघे भेटली, बोलली, आणि डिसेंबर १९८९ मध्ये रीतसर लग्न झाले. तीन आठवड्यांनी ती नोकरीवर परतली. तो पत्नीकडे जाण्यासाठी व्हिसाचा अर्ज करून वाट पाहत बसला.

इथे त्या वेळच्या कायद्याविषयी थोडे सांगावे लागेल. ब्रिटनच्या स्थलांतरविषयक नियमांत १९८० साली एक अट आली होती. तिला ‘प्रायमरी पर्पज रूल’, म्हणजे ‘मुख्य हेतूचा नियम’ म्हणत. पती किंवा वाग्दत्त वर म्हणून येणाऱ्याने हे सिद्ध करायचे, की आपण ब्रिटनमध्ये प्रवेश मिळवण्याच्या मुख्य हेतूने हे लग्न केलेले नाही. लग्न खरे आहे, दोघे भेटलेली आहेत, एकत्र राहण्याचा इरादा आहे, सरकारी मदतीवाचून चरितार्थ चालेल आणि राहायला जागा आहे, हे सारे दाखवल्यावरही ही अट उरत असे. लग्न खरे असूनही त्याचा ‘मुख्य हेतू’ वेगळा असू शकतो, असे गृहीत धरलेले होते. आणि पुराव्याचा भार अर्जदारावर. हेतू नव्हता हे कोणी कसे सिद्ध करावे? आपल्याकडच्या ठरवून होणाऱ्या लग्नाला तर हा नियम फारच जाचक ठरला; कारण अशा लग्नात घरदार, नोकरी, पुढची स्थिती यांचा विचार उघडपणे करतात आणि तसे सांगण्यात कोणाला कमीपणा वाटत नाही.

सप्टेंबर १९९० मध्ये त्याची मुलाखत झाली. त्याने मराठीतून बोलण्याची मुभा मागितली. दुभाषी हिंदीभाषक होता. त्याला मराठी समजत असे. अधिकाऱ्याने विचारले, तिकडे राहणार कुठे? त्याने उत्तर दिले, “तिच्या वडिलांकडे आमची सोय होईल. मामांनी लग्न ठरवतानाच सांगितलं होतं, तिथं सगळं सोयीचं आहे.” पुढे विचारले, व्हिसा मिळाला नाही तर काय कराल? तो म्हणाला, “बघू.”

एवढ्या दोन उत्तरांवर अर्ज नामंजूर झाला, असे मी म्हणणार नाही. कारणे आणखीही लिहिली होती. ती भारतात येऊन का राहत नाही, हाही प्रश्न होता. परंतु नकारासोबत पुढे जे स्पष्टीकरणाचे टिपण आले, त्यात प्रश्नोत्तरे इंग्रजीत उतरवलेली होती. ‘सोयीचं’ या शब्दाचे तिथे ‘कन्व्हीनिअन्ट’ झाले होते, आणि वाक्याची ओढाताण अशी झाली होती की सोयीचे घर नव्हे, लग्नच सोयीचे होते! इंग्रजीत ‘मॅरेज ऑफ कन्व्हीनिअन्स’ म्हणजे दिखाऊ, मतलबाचे लग्न. राहण्याची जागा आहे ना, ही नियमाचीच एक अट होती. ती पूर्ण होते असे सांगणारा शब्द दुसऱ्या अटीखाली त्याच्याविरुद्ध पुरावा झाला. आणि ‘बघू’? आपल्या घरांतून अशुभाचा उच्चार टाळण्यासाठी आपण ‘बघू’ म्हणतो. टिपणात त्याचा अर्थ, पत्नीबरोबर राहण्याचा ठाम निश्चय नाही, असा लावलेला होता.

अशा नकाराविरुद्ध तेव्हा प्रथम अ‍ॅडज्युडिकेटरकडे, म्हणजे अपील ऐकणाऱ्या स्वतंत्र अधिकाऱ्याकडे जाता येई. तिथे हरल्यास परवानगी घेऊन इमिग्रेशन अपील ट्रायब्यूनलकडे. त्यापलीकडे उच्च न्यायालये; पण तिथे बहुधा एकच प्रश्न पाहतात, की निर्णय कायद्याला धरून झाला की नाही. वस्तुस्थिती पुन्हा तपासण्याची खरी जागा खालचीच. म्हणून पुरावा काय द्यायचा तो आरंभीच नीट द्यावा लागतो. हे मला तेव्हा ठाऊक नव्हते.

तिच्या इंग्लंडमधील वकिलांनी कळवले, की पतिपत्नींचा पत्रव्यवहार असल्यास भाषांतरासह पाठवा. त्याला आधार होता. १९८६ साली अरुणकुमार यांच्या प्रकरणात लंडनच्या अपील न्यायालयाने असे मानले होते, की लग्नानंतरचे वर्तन लग्नाच्या वेळच्या हेतूवर प्रकाश टाकू शकते. वकील मंडळी त्या पुराव्याला ‘मधल्या काळातील निष्ठा’ अशा अर्थाचे नाव देत.

एके दिवशी त्याची आई कापडी पिशवी घेऊन माझ्या घरी आल्या. पिशवीत तिची पत्रे होती. त्याची पत्रे तिने तिकडून परत पाठवली होती, तीही होती. म्हणाल्या, “बाई, ही तुम्हीच वाचा. पुरुषमाणसाच्या हाती द्यायला मला संकोच वाटतो. मी स्वतः एकही उघडलेलं नाही.” मोजली तेव्हा त्रेसष्ट पत्रे भरली.

मी ती तीन रात्री वाचली, आणि माझ्यातली साहित्याची प्राध्यापिका जागी झाली. बहुतेक पत्रांत वाङ्मयीन असे काहीच नव्हते. घरभाडे, गॅसचा नंबर, आईचे गुडघे, तिकडची थंडी, तिच्या कार्यालयातल्या गमती, दातांचे दुखणे. काही पत्रांत भांडणे. मराठी ती घरीच शिकलेली, त्यामुळे तिचे ऱ्हस्व-दीर्घ सारे मनाचे. हा सरांचा विद्यार्थी! त्याने एका पत्राला उत्तर देताना तिच्या चुका तांबड्या शाईने दुरुस्त करून पाठवल्या. तिचे पुढचे पत्र चार ओळींचे होते : शुद्धलेखन तपासून घेण्यासाठी मी पत्र लिहीत नाही, आणि आठवडाभर मला लिहू नका. एका पत्रात त्याने विचारले होते, माझ्या पदविकेला तिकडे किंमत आहे का, नोकरी किती दिवसांत मिळेल. हे पत्र तर मला धोक्याचेच वाटले.

मी त्रेसष्टांतून बारा निवडली. ज्यांत विरह होता, सणावारी आलेली आठवण होती, ती. त्यांतलीही गॅस आणि गुडघे गाळले आणि उरलेल्याचे इंग्रजी असे घोटून घोटून केले की एखाद्या संग्रहात शोभावे. मनात कपट नव्हते. त्यांचे प्रेम परक्यांपुढे नीटनेटक्या वेषात जावे, एवढीच इच्छा होती.

मार्च १९९२ मध्ये सुनावणी झाली आणि अपील फेटाळले गेले. निर्णयाची प्रत मी वाचली. पत्रांविषयी दोनच वाक्ये होती : दीड-दोन वर्षांच्या काळातली मोजकी बाराच पत्रे सादर झाली आहेत, त्यांची भाषा पाहता ती या अपिलाकडे दृष्टी ठेवून लिहिली गेली असावीत, म्हणून त्यांना फारसे महत्त्व देता येत नाही. श्रोतेहो, ती भाषा त्यांची नव्हती, माझी होती.

मी वकिलांना सविस्तर पत्र लिहून सारे कळवले. त्यांचे उत्तर रोखठोक होते. सगळी पत्रे पाठवा, तारखांच्या क्रमाने. काही गाळू नका, काही सुधारू नका. जे वाक्य मोडके आहे ते मोडकेच राहू द्या. भाषांतर पूर्ण व विश्वासू असल्याचे प्रमाणपत्र सोबत सही करून द्या. त्याखेरीज, ‘सोय’ शब्दावर भाषातज्ज्ञ म्हणून वेगळे निवेदन द्या.

दुसरे भाषांतर करायला चार महिने लागले. या वेळी मी शेजारी १९३१ साली बडोदे सरकारने प्रसिद्ध केलेला ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ ठेवला होता. राज्यकारभारातील आणि कायद्यातील इंग्रजी शब्दांना आपल्या अनेक भाषांतील प्रतिशब्द देणारा हा कोश, शब्द चुकला तर माणसाचा हक्क बुडतो हे ओळखणाऱ्या राजाने करवून घेतलेला आहे. निवेदनात मी लिहिले, की मराठीत ‘सोय’ म्हणजे व्यवस्था. ‘राहण्याची सोय’, ‘जेवणाची सोय’ असे आम्ही रोज म्हणतो. त्यात स्वार्थाची छटा येऊ शकते, पण ती संदर्भाने. आणि इथे संदर्भ घराचा होता, प्रश्नही घराचाच होता. विवाहसंबंधाला आमच्याकडे ‘सोयरीक’ म्हणतात. तो शब्द वेगळा, त्याचा अर्थ वेगळा.

काम करताना एक गोष्ट ध्यानात आली, जी निवडक बारा पत्रांत दिसूच शकत नव्हती. आरंभीच्या पत्रांत ती त्याला ‘तुम्ही’ लिहीत होती. शुद्धलेखनाच्या भांडणानंतर तिसऱ्या पत्रात एका ठिकाणी ‘अरे’ आले. मग ‘तू’ आणि ‘तुम्ही’ एकाच पत्रात सरमिसळ. पुढे १९९१ च्या उन्हाळ्यात ती पाच आठवडे बडोद्याला येऊन गेली, आणि त्यानंतर ‘तुम्ही’ पुन्हा आले नाही. इंग्रजीत दोन्हींना ‘यू’च! म्हणून प्रत्येक पत्राखाली मी टीप दिली : येथे आदरार्थी सर्वनाम आहे, येथे एकेरी आहे. ओळख नसलेल्या दोन माणसांचा संसार पत्रांतून कसा उभा राहिला, ते त्या टिपांच्या आधारे कोणालाही वाचता आले असते.

आणि सरांचे ऋण इथेच आले. आठवते ना आपल्याला? निबंध कितीही चांगला असो, पत्रलेखनात उजव्या कोपऱ्यात गाव आणि तारीख नसेल तर सर अर्धे गुण कापत. त्यांच्या या विद्यार्थ्याच्या एकाही पत्राला तारीख नाही असे झाले नव्हते. पाकिटे हरवली होती, शिक्के पुसट झाले होते. पण पत्रांचा क्रम लावायला मला अर्धी दुपारही लागली नाही. तिच्या पत्रांवर तारखा नव्हत्या, त्या त्याच्या उत्तरांवरून लागल्या.

ट्रायब्यूनलने पहिला निर्णय रद्द करून दुसऱ्या अ‍ॅडज्युडिकेटरपुढे नव्याने सुनावणीचा आदेश दिला. ती जानेवारी १९९३ मध्ये झाली. पत्नीची साक्ष झाली. सरकारपक्षाच्या अधिकाऱ्याने नेमके नोकरीविषयीचे पत्र काढले : पाहा, याचे लक्ष कशाकडे आहे. तिने उत्तर दिले, की जो नोकरीची चौकशी न करता येतो त्याच्याबरोबर संसार कसा करायचा? ही गोष्ट तिने मला पुढे पत्राने कळवली. अपील मंजूर झाले. निर्णयात नोंदले होते, की मुलाखतीतील शब्द राहण्याच्या व्यवस्थेविषयी होता, आणि पत्रव्यवहार सलग, अकृत्रिम असून त्यात वैवाहिक नाते वाढत गेलेले दिसते.

१९९३ च्या उन्हाळ्यात तो गेला. लग्नाला साडेतीन वर्षे झाली होती. त्याच्या आई मात्र हा निकाल ऐकायला नव्हत्या. नोव्हेंबर १९९२ मध्ये त्या गेल्या. त्या आजारी असताना सून येऊ शकली नाही, कारण नोकरी सुटली तर चरितार्थाच्या अटीवर अपील कोसळण्याची भीती होती. पहिले भाषांतर मी सरळ केले असते तर काय झाले असते, हे कोणी सांगू शकत नाही. परंतु हा प्रश्न मी मला अनेकदा विचारला आहे, आणि आज आपल्यासमोर विचारते आहे.

आता या एका घराच्या हकीकतीपलीकडे थोडे पाहू.

हा नियम न्यायालयात गेला नव्हता असे नाही. अब्दुलअझीझ, कबालेस आणि बालकंडाली या तिघी ब्रिटनमध्ये राहत होत्या, पण पतींना आणू शकत नव्हत्या. त्यांचा खटला स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयापर्यंत गेला. २८ मे १९८५ रोजी निर्णय झाला. विवाहितांनी कुठे राहावे याची त्यांची निवड प्रत्येक राज्याने मान्य केलीच पाहिजे असे नाही, असे न्यायालय म्हणाले. पण पुरुषाला पत्नी सहज आणता येते आणि स्त्रीला पती आणता येत नाही, हा लिंगभेद मात्र अवैध ठरला. सरकारने भेद दूर केला, तो कसा? पतींवरील जाचक अटी पत्नींनाही लावून! खटला जिंकूनही गाऱ्हाणे दुप्पट झाले. ‘मुख्य हेतूचा नियम’ अखेर जून १९९७ मध्ये नव्या सरकारने रद्द केला.

नंतर अटींनी नवी रूपे घेतली. जोडीदारांच्या वयाची मर्यादा २००८ साली १८ वरून २१ करण्यात आली. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने क्विला प्रकरणात २०११ साली ती त्या जोडप्यांच्या कौटुंबिक जीवनावर अवाजवी आघात करते असे ठरवले. २०१० पासून येणाऱ्या जोडीदाराला प्राथमिक इंग्रजी येणे आवश्यक झाले. बीबी प्रकरणात २०१५ साली न्यायालयाने नियम उचलून धरला, परंतु जिथे शिकण्याची वा परीक्षेची व्यवस्थाच आवाक्याबाहेर आहे तिथे तो अन्यायकारक ठरू शकतो, असेही बजावले. २०१२ साली वार्षिक १८,६०० पौंड उत्पन्नाची अट आली. २०१७ साली न्यायालयाने ती तत्त्वतः मान्य केली, मात्र मुलांच्या हिताकडे आणि उत्पन्नाच्या इतर साधनांकडे नियमांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही, असा दोष दाखवला. एप्रिल २०२४ मध्ये ही रक्कम २९,००० पौंड झाली. अमेरिकेत तर जून २०२४ मध्ये मुन्योझ प्रकरणात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने ठरवले, की परदेशी जोडीदाराला देशात प्रवेश मिळावा हा नागरिकाचा घटनेने रक्षिलेला मूलभूत हक्क नाही.

या घटना वाचताना मला नेहमी रखमाबाई आठवतात. बालपणी झालेले लग्न मान्य नाही म्हणून त्या पतीकडे नांदायला गेल्या नाहीत. मुंबईच्या इंग्रज न्यायालयात १८८५ साली त्यांच्या बाजूने निर्णय झाला; पण मार्च १८८७ मध्ये उलट आदेश निघाला : पतीकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. शेवटी १८८८ साली पतीला २,००० रुपये देऊन तडजोड झाली. पुढे त्या विलायतेत डॉक्टर झाल्या आणि आपल्या शेजारच्या सुरतेत त्यांनी दीर्घकाळ सेवा केली. ज्या कायद्याच्या परंपरेने नको असलेल्या पतीबरोबर राहण्याची स्त्रीला सक्ती केली, तिनेच शंभर वर्षांनी हव्या असलेल्या पतीला दाराबाहेर थांबवले. दोन्ही वेळी त्या स्त्रीला काय म्हणायचे आहे, हे ऐकून घ्यायला फार वेळ लागला.

सरकारांना सीमेवर नियम करण्याचा अधिकार नाही, असे माझे म्हणणे नाही. खोटी लग्ने होतात, त्यांत फसवल्या गेलेल्या आपल्या मुलीही आहेत. चौकशी झालीच पाहिजे. पण नकार देणाऱ्याला कोणीतरी तटस्थपणे ‘का’ असे विचारू शकले पाहिजे, आणि उत्तर देणाऱ्याचे शब्द त्याच्याच अर्थाने ऐकले गेले पाहिजेत. अपिलाचा हक्क याचसाठी मोलाचा.

समोर बसलेल्यांपैकी अनेकांची मुले-नातवंडे परदेशी आहेत. काहींच्या घरी असे नकार आलेही असतील. अनुभवाने शिकलेल्या तीन गोष्टी सांगते. नकाराचे कारण शब्दशः वाचा आणि मुदत पाहा. ब्रिटनच्या बाबतीत परदेशातून अपील करायला आज २८ दिवसच मिळतात. त्या कायद्याचा अधिकृत जाणकार गाठा, एजंट नव्हे. आणि आपला पुरावा सजवू नका. आता पत्रांच्या जागी मोबाइलवरचे संदेश असतात, रोमन लिपीतली मराठी असते. ऑस्ट्रेलियात जोडीदाराच्या अर्जासाठी पैशाचे व्यवहार, घरकाम, समाजातली ओळख आणि परस्परबांधिलकी अशा चार अंगांनी नाते तपासतात. म्हणजे पुन्हा गॅसचा नंबर आणि आईचे गुडघेच! मी क्षुल्लक म्हणून जे गाळले होते, तेच तिथे विचारतात.

ते दोघे गेल्या वर्षी शाळेत आले होते. त्यांची मुलगी बरोबर होती. पत्रे अजून जपून ठेवली आहेत, तांबड्या शाईच्या दुरुस्त्यांसह. तिने मला नवे पत्र लिहिले होते ते हातात दिले. ऱ्हस्व-दीर्घ अजूनही तिच्या मनाचेच आहेत. उजव्या कोपऱ्यात मात्र गाव होते आणि तारीख होती.

मी त्यात काही दुरुस्त केले नाही. सरांनी केले असते. पण गुणही पूर्ण दिले असते, असे मला वाटते.